बँकॉकला चौघी मैत्रिणी: कुठे एकत्र, कुठे वेगळ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौघी मैत्रिणी, वय चाळिशीच्या आसपास. गुरुवारी सकाळी बँकॉकला उतरणार, सोमवारी रात्री उशिराच्या विमानाने परत. एकीला देवळं आणि राजवाडा बघायचाय, दोघींचं सगळं लक्ष खरेदीवर, आणि चौथी कांदा-लसूणही न खाणारी शाकाहारी. बघायचं काय, खायचं काय, स्वस्त कुठे मिळतं आणि फसवणूक कशी टाळायची, असं तुम्ही विचारलंय.

माझं कपड्यांचं छोटं दुकान आहे. मालासाठी बँकॉकला जाणं होतंच, आणि बऱ्याचदा ओळखीच्या बायकांचा गट बरोबर असतो. त्यावरून सांगते, तुमची अडचण जागांची नाही. जागांच्या याद्या ढिगाने मिळतात. अडचण ही की चौघींचे वेग वेगळे आहेत आणि तुम्ही पाचही दिवस सगळं बरोबरच करायचं असं धरून चाललायत. त्या शहरात काही गोष्टी चौघींनी मिळून केल्या की सरळसरळ स्वस्त पडतात, आणि काही मिळून केल्या की तिसऱ्या दिवशी एकमेकींशी बोलणं बंद होतं. जेवण आणि घाऊक खरेदी पहिल्या प्रकारात येतात, देवळं आणि बाजारातली भटकंती दुसऱ्या.

आधी काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या सांगते. कोणत्या महिन्यात जाताय ते लिहिलेलं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा त्यातल्या त्यात बरी असते. मार्च ते मे भाजून निघायला होतं आणि १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. रस्तोरस्ती पाण्याचा मारा आणि कित्येक दुकानं बंद, त्यामुळे खरेदीसाठी ते दिवस बाद. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोरात असतो, पण तो बहुधा दुपारनंतर तासभर झोडपतो आणि थांबतो, त्यामुळे दिवस फुकट जात नाही. दुसरं, विमानाच्या तिकिटात किती किलो सामान धरलंय ते बघा. स्वस्त तिकीट काढून परतताना जादा किलोचे पैसे भरले, तर घासाघीस करून वाचवलेलं सगळं तिथेच जातं. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, म्हणून ते थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी तपासा. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्डही भरावं लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

हॉटेल अजून ठरलेलं नाही हे बरंच झालं. तुमच्यासारख्या गटाने प्रातुनाम भागात राहावं असं मी सांगेन. घाऊक कपड्यांचा बाजार पायाखाली असतो. सकाळी घेतलेल्या पिशव्या खोलीवर टाकून परत बाहेर पडता येतं, ही सोय किती मोठी आहे ते दुसऱ्या दिवशी कळतं. विमानतळाहून येणाऱ्या रेल्वेचं राचाप्रारोप स्टेशन जवळच आहे. एकच उणं, बीटीएस, म्हणजे वरून धावणारी रेल्वे, अगदी दाराशी नाही. राचाथेवी किंवा चितलोम स्टेशनपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. कुणाचे गुडघे दुखत असतील तर सयाम किंवा असोक स्टेशनला खेटून हॉटेल घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी. बाकी कसलाही विचार करताना 'स्टेशनपासून किती चालायचं' हा प्रश्न आधी, खोलीचा फोटो नंतर.

येण्याजाण्याचा हिशेब चौघींसाठी वेगळा बसतो. मीटरची टॅक्सी ३५ बाटपासून (बाट म्हणजे थाई चलन) सुरू होते, त्यामुळे जवळच्या अंतराला चार रेल्वे तिकिटांपेक्षा एक टॅक्सी स्वस्त पडते. पण दुपारी चारनंतर सात-साडेसातपर्यंत रस्ते असे तुंबतात की मीटर चालतो आणि गाडी उभी राहते. त्या वेळात डोळे मिटून रेल्वे. चालक मीटर टाकायला तयार नसेल तर वाद न घालता दुसरी टॅक्सी बघा, किंवा ग्रॅब, बोल्टसारखं अ‍ॅप वापरा. विमानतळावरून मात्र चौघी आणि चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावतील असं समजू नका. बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते. तिथे मोठ्या गाडीची वेगळी रांग असते, ती विचारा. मीटरवर ५० बाट विमानतळ अधिभार आणि वर टोल द्यावा लागतो, तो नियमच आहे. टुकटुक एकदा मजा म्हणून करा. चौघी त्यात कोंबून बसण्यात मजा नाही आणि भावही टॅक्सीपेक्षा जास्त असतो.

आता बघण्याचं. राजवाडा एकच दिवस आणि सकाळी साडेआठला दार उघडताना. साडेतीनला तिकीट बंद होतं, पण खरा शत्रू ऊन आहे. अकरानंतर तिथल्या फरशीवरून उष्णता वर येते आणि पर्यटकांचे जथेही तेव्हाच येतात. तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेतली की चालेल असं धरू नका, अंगभर कपडेच घाला. सलवार-कमीज उत्तम. जाण्याचा मला आवडणारा रस्ता म्हणजे बीटीएसने सफान ताक्सिन स्टेशन, तिथे खालीच धक्का आहे, तिथून नारिंगी झेंड्याची होडी आणि ता छांग धक्क्यावर उतरायचं. तिकीट १६ बाटच्या आसपास. पर्यटकांची निळ्या झेंड्याची होडी त्याच नदीवरून जाते आणि बरेच जास्त पैसे घेते.

राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. मूर्ती खरं तर जेडची आणि जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. लोक तेवढं बघून परततात. मी म्हणते त्या मंदिराभोवतीच्या ओवरीत अर्धा तास काढा. भिंतीवर १७८ चित्रांत अख्खं रामायण रंगवलंय, त्यांचं रामाकियेन. आपल्याला गोष्ट पाठ असते म्हणून कुठे काय बदललं ते बघत जायला गंमत येते. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे, आणि सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. सध्याच्या राजघराण्यातले राजे 'राम' याच नावाने मोजले जातात. पहिल्या रामाने १७८२ मध्ये राजधानी इथे आणली. हे माहीत असलं की सोनेरी कळसांच्या गर्दीला जरा अर्थ येतो.

खरेदीवाल्या दोघी इथे कंटाळणार हे ठरलेलं. त्यांच्यासाठी एक उपाय आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. त्याच तिकिटात आवारातलं राणी सिरिकिट वस्त्र संग्रहालय येतं. वातानुकूलित, शांत, आणि थाई रेशमाचे असे नमुने की बाहेर कुठल्याही दुकानात रेशीम म्हणून काय खपवतात ते नंतर नजरेला लगेच कळतं. त्या दोघी तिथे, तुम्ही दोघी ओवरीत, आणि दीड तासाने फाटकाशी भेटायचं.

फसवणुकीचा सगळ्यात जुना प्रकार याच फाटकाबाहेर चालतो, म्हणून इथेच सांगते. नीटनेटका, इंग्रजी बोलणारा माणूस जवळ येतो. 'आज राजवाडा बंद आहे, काहीतरी पूजा आहे, दुपारी उघडेल. तोवर माझा ओळखीचा टुकटुकवाला २० बाटमध्ये तीन देवळं फिरवून आणेल.' वाटेत एखादं देऊळ खरंच दाखवतात, मग 'आजचा शेवटचा दिवस' म्हणत रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवतात. चालकाला गिऱ्हाईक आणल्याचं कमिशन असतं, म्हणून २० बाट परवडतात. तिथे घेतलेलं माणिक-नीलम परत विकायला गेलात की किंमत कळते. तेव्हा राजवाडा उघडा आहे की बंद, हे फक्त तिकीटखिडकीवर बघायचं, रस्त्यावरच्या माणसाला विचारायचं नाही. आणि रत्नांची पारख नसेल तर तिथे रत्नं घ्यायची नाहीत, कितीही 'सरकारी' पाटी असली तरी.

राजवाड्यापासून वाट फो चालत गाठता येतं ('वाट' म्हणजे थाईत देऊळ). पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब. माणसं चेहऱ्याकडे बघत पुढे सरकतात आणि तळव्यांकडे दुर्लक्ष होतं. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं कोरलेली आहेत, ती नक्की बघा. तिथून ता तियेन धक्क्यावरून पलीकडे वाट अरुण. ते भर दुपारी चढू नका. संध्याकाळी अलीकडच्या काठावरून बघितलेलं जास्त सुंदर. एवढं झालं की एका दिवसाची देवळं पुरे.

देवळांची आवड असलेल्या मैत्रिणीला याहून जास्त हवं असेल तर रविवारी ती अयुथ्थयाला जाऊ दे, बाकीच्यांना ओढू नका. जुनी राजधानी, १३५० मध्ये वसलेली आणि १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली, बँकॉकपासून साधारण ८० किलोमीटर. साध्या रेल्वेने दीड-दोन तास. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शिर तिथेच, वाट महाथातमध्ये आहे. एकटीने जाण्यात अडचण काही नाही, दिवसाउजेडी परत यायचं एवढंच. आणि त्या दिवशी मागे राहिलेल्या तिघींनी बिनघोर खरेदी करायची. कुणी कुणासाठी बाकावर बसून राहत नाही.

खाण्याकडे वळते. चौघी असण्याचा खरा फायदा इथे. पाच-सहा पदार्थ मागवून मध्ये ठेवायचे, थाई लोक तसंच जेवतात. एकटं माणूस एका पॅड थाईत पोट भरून उठतं, तुम्ही एका बैठकीत हिरवी करी, पपईचं सोम ताम, चिकट भातावरचा आंबा, सगळं चाखू शकता. आंब्याचा हंगाम साधारण मार्च ते जून. इतर वेळी मिळतो, पण ती चव नसते. तिखटाबद्दल मात्र सावध. 'आम्हाला तिखट चालतं' असं सांगून बसलेल्या बायकांच्या डोळ्यांतून धारा वाहिलेल्या मी बघितल्यात. सुरुवातीला 'माय फेत', म्हणजे तिखट नको, म्हणा आणि टेबलावरच्या मिरचीने आपलं आपण वाढवा.

शाकाहारी मैत्रिणीचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही, पण 'भाज्या घातलेलं' आणि 'शाकाहारी' या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजीच्या पदार्थातही माशाचा रस, शिंपल्याचा सॉस नाहीतर सुक्या कोळंबीची चटणी असते. वरून काढून टाकता येत नाही, रश्श्यातच असते. तिने 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा. चिनी-थाई बौद्धांचा हा आहार आहे. मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य. म्हणजे तिच्यासाठी नेमका. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते अक्षर दुरून इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. ती पाटी दिसली की निर्धास्त बसायचं. वर्षातून एकदा, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ-दहा दिवस 'जे' उत्सव असतो, तेव्हा चिनी वस्ती या झेंड्यांनी भरून जाते. तुमच्या तारखा तेव्हाच्या असतील तर तिची चैन आहे.

बाकी दिवशी 'माय साय नाम प्ला', माशाचा रस घालू नका, हे फोनवर थाई लिपीत लिहून ठेवा आणि दाखवा. उच्चारापेक्षा लिहिलेलं लवकर समजतं. मॉलमधले फूडकोर्ट तिच्यासाठी सोयीचे. असोकच्या टर्मिनल २१ मधला पिअर २१ हा माझा आवडता, कारण स्वच्छ आहे आणि भाव रस्त्यावरच्या गाडीच्या जवळपास. आधी कार्डात पैसे भरायचे, उरलेले परत मिळतात. अगदीच जीव डाळ-पोळीवर आला तर फाहुरात भागात, सोनेरी घुमटाच्या गुरुद्वाऱ्याभोवती, भारतीय खानावळी आहेत. रोज रोज तिकडे जायची मात्र वेळ येऊ देऊ नका. चहा-नाश्त्याची थोडी पाकिटं बरोबर असू द्या, त्यात कमीपणा नाही.

रस्त्यावरचं खायचं की नाही? खायचं. जिथे स्थानिक माणसांची रांग आहे आणि समोर कढईतून उतरतंय तिथे. कापून ठेवलेली फळं सकाळची चांगली, संध्याकाळची नकोत. नळाचं पाणी नाही, बाटलीचं. मधे भोक असलेला नळकांड्याच्या आकाराचा बर्फ कारखान्यातून आलेला असतो, तो चालतो. याओवारात, म्हणजे चिनी वस्तीतला मुख्य रस्ता, अंधार पडल्यावर जिवंत होतो. वाट मंगकॉन हे भुयारी रेल्वेचं स्टेशन अगदी जवळ. तिथे सोमवारी जाऊ नका, बऱ्याच गाड्या त्या दिवशी लागत नाहीत. खाण्याच्या भावात घासाघीस करायची नाही, कुणीच करत नाही.

खरेदीवर जरा सविस्तर लिहिते, कारण लोक सगळी अक्कल घासाघिशीवर खर्च करतात आणि खरी चावी हातची घालवतात. बँकॉकमध्ये भाव उतरतो तो नगांवर. प्रातुनाममधल्या प्लॅटिनम मॉलमध्ये बहुतेक दुकानांत दोन भाव लिहिलेले असतात, एक नग घेतला तर हा आणि तीन किंवा जास्त घेतले तर तो. कित्येक दुकानं एकाच दुकानातले वेगवेगळे तीन नमुने धरतात, काही एकाच नमुन्याचे तीन रंग मागतात. तोंड उघडण्याआधी तेवढं विचारून घ्या. चौघी आत शिरलात आणि एकेकीने एकेक कुर्ती उचलली की घाऊक भाव आपोआप लागतो. चौघींनी चार दुकानांत एकेक घेतली तर चौघींनाही किरकोळ भाव. मी गटाला नेते तेव्हा नियम असा असतो की आवडलेलं दुकान दिसलं की फोटो आणि ठिकाण एकमेकींना पाठवायचं, आणि तासाभराने सगळ्यांनी तिथे जायचं. बिल एकीच्या नावावर, वाटणी खोलीवर.

तिथे कपडे घालून बघू देत नाहीत बहुतेक ठिकाणी. मापाची टेप पर्समध्ये ठेवा आणि आपल्याला नीट बसणाऱ्या एका कुर्तीची छाती, कंबर, खांदा आणि उंची लिहून न्या. 'फ्री साइज' म्हणजे थाई बांध्याला फ्री, आपल्याला बसेलच असं नाही. कापड हातात घेऊन शिवणीच्या दोन्ही बाजूंना हलकेच ताणून बघा. टाके उघडे दिसले तर एका धुण्यात उसवणार. चेन दोनदा वरखाली करा. काखेची आणि खिशाची शिवण आतून बघा. घाऊक दुकानात माल परत घेत नाहीत, म्हणून ही दोन मिनिटं तिथेच द्यायची. सकाळी दुकान उघडताना गेलात तर पहिलं गिऱ्हाईक म्हणून भाव थोडा नरम असतो. पैसे हातात पडले की दुकानदारीण त्याच नोटांनी मालावर हलके थापट्या मारते, सबंध दिवस विक्री चांगली व्हावी म्हणून. सकाळच्या भवानीचं महत्त्व तिलाही आपल्याइतकंच.

साम्पेंगची गल्ली चिनी वस्तीत. केसांच्या क्लिपा, पाउच, मणी, लेस, भेटवस्तूंचं सटरफटर. इथे भाव डझनावर. एका डझनाचे चौघींत प्रत्येकी तीन, भाच्या-पुतण्यांचा प्रश्न सुटला. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं जेमतेम, आणि त्यातूनही हातगाड्या आणि मोटारसायकली जातात. पर्स पुढे धरा. इथे सकाळीच जावं.

चातुचाकचा बाजार शनिवार-रविवारचा, म्हणून तुमचा शनिवार तिथे. १५ हजारांच्या आसपास दुकानं आणि २७ विभाग, त्यामुळे 'आधी सगळं बघू मग घेऊ' ही पद्धत इथे चालत नाही. आवडलं आणि भाव पटला तर तिथल्या तिथे घ्या, तेच दुकान परत सापडत नाही. अगदीच मन होत नसेल तर पाटीवरच्या विभाग आणि गल्लीच्या नंबराचा फोटो काढा. भुयारी रेल्वेच्या कामफेंग फेत स्टेशनवरून थेट बाजारात निघता येतं. नऊ-दहाला पोचा, एकच्या सुमारास बाहेर पडा. पत्र्याखालची दुपारची उकड सोसत नाही. इथे चौघींनी चिकटून फिरायचं नाही. मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याशी बाराला भेटायचं ठरवा आणि पांगा. एकीला झाडं बघायची असतात, एकीला चिनी मातीची भांडी.

घासाघीस करायची ती याच बाजारात आणि फुटपाथवर, मॉलच्या ठरलेल्या भावाच्या दुकानांत नाही. आपल्याकडच्या सवयीने सांगितलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्याने सुरुवात केलीत तर समोरची बाई हसून तोंड फिरवेल, आणि ते हसणं होकाराचं नव्हे. चातुचाकमध्ये साधारण दहा-वीस टक्के सुटतात, फक्त पर्यटकांच्या रस्त्यांवर त्याहून जास्त. आधी 'थाओ राय?' म्हणून भाव विचारा, मग 'लॉत नॉय दाय माय?' म्हणजे थोडं कमी कराल का, आणि शेवटी 'खा' लावा. बायकांनी बोलताना लावायचा तो आदराचा शब्द आहे. ती कॅल्क्युलेटर पुढे करेल, त्यावर तुमचा आकडा टाका. मग 'दोन घेतले तर?', 'चार घेतले तर?' आवाज चढवायचा नाही. तिथे आवाज चढला की व्यवहार संपतो. आणि घ्यायचं नसेल तर भाव करायचाच नाही. तुमचा आकडा तिने मान्य केल्यावर पाठ फिरवणं तिथे फार वाईट दिसतं.

बोलणारी एकच हवी. बाकीच्या तिघींनी चेहरा कोरा ठेवायचा. 'अय्या, किती स्वस्त!' ही एक आरोळी ऐकली की पुढचा बाट सुटत नाही. प्रातुनामचे दुकानदार भारतीय गिऱ्हाइकांत मुरलेत, आकडे आणि 'सस्ता' त्यांना चांगलं कळतं. मराठीत बोललं म्हणजे गुपित राहिलं असं समजू नका.

रेशीम घ्यायचं असेल तर बाजारात 'थाई सिल्क' म्हणून पॉलिस्टरच जास्त असतं. सरकारी प्रमाणपत्राच्या मोराच्या शिक्क्याची पट्टी बघा. सोनेरी मोर सगळ्यात वरचा, पारंपरिक हातमागाचा. त्यापेक्षा स्वस्त हवं असेल तर रेशीम म्हणून नव्हे, छान दिसणारं कापड म्हणून घ्या आणि तेवढेच पैसे द्या. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली पर्स मी घेत नाही आणि बरोबरच्यांनाही घेऊ देत नाही. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाची परवानगी लागते, म्हणून हौसेने उचलू नका.

पैशांचं आधी ठरवून टाका. चौघींनी सारखी रक्कम एका पाकिटात, जेवण, टॅक्सी, होडी सगळं त्यातून, आणि पाकीट रोज एकीकडे. खरेदी ज्याची त्याची. विमानतळावर आगमनाच्या मजल्यापेक्षा खाली, रेल्वे स्टेशनच्या मजल्यावरच्या खिडक्यांवर चलनाचा भाव बरा मिळतो. पासपोर्ट लागतो. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाटच्या वर शुल्क लावतं, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका. कार्ड मशीनने 'रुपयांत की बाटमध्ये' विचारलं तर कायम बाट. रुपयांत निवडलंत तर दर ते लावतात, आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

तर दिवस असे मांडा. गुरुवारी सामान टाकून झोप काढा, संध्याकाळी प्रातुनामला नुसती चक्कर, भाव कानावर पडू देत, काही घेऊ नका. शुक्रवारी राजवाडा आणि वाट फो, दुपारी पाय चोळून घ्या, संध्याकाळी नदीकाठ. शनिवारी चातुचाक. रविवारी फाटाफूट, एकटी अयुथ्थयाला, तिघी प्लॅटिनमला, आणि संध्याकाळी चौघी याओवारातवर जेवायला. अयुथ्थयाहून येणाऱ्या काही साध्या गाड्या हुआ लाम्फोंग या जुन्या रेल्वे स्टेशनला येतात, तिथून वाट मंगकॉन भुयारी रेल्वेने पुढचंच स्टेशन. सोमवारी सकाळी साम्पेंग आणि फाहुरात, दुपारी बॅगा.

बॅगांचं शेवटचं. हाताने उचलायचा वजनकाटा एकीने आणावा आणि चौघींच्या बॅगा मिळून तोला. खरेदी दोघींची जास्त असणार, किलो मात्र चौघींचे आहेत. चौघींचं तिकीट एकाच नोंदणीत असेल तर बरेचदा वजन एकत्र धरतात, पण ते विमान कंपनीकडून आधी विचारून घ्या. करपरताव्याची सोय फक्त तशी पाटी असलेल्या दुकानांत, एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाटची खरेदी असेल तर. पासपोर्ट दाखवून दुकानातच फॉर्म भरून घ्यायचा. इथे मात्र एकीच्या नावावर बिल केलं तर परतावाही तिलाच मिळतो आणि माल तिच्याच बॅगेत हवा, हे वाटणी करताना विसरू नका. विमानतळावर बॅगा चेक-इन करायच्या आधी कस्टम्सच्या खिडकीवर जा. माल दाखवायला सांगू शकतात, आणि तो पट्ट्यावरून आत गेला की दाखवणार काय? रात्रीच्या विमानांना त्या खिडकीवर रांग असते, म्हणून हॉटेलवरून तासभर लवकर निघा.